वाडीतला पंप आणि तेरा आकडी सिम: दहा महिन्यांनंतर

गेल्या एप्रिलात रात्री दोन वाजता आमच्या गुहागरच्या वाडीतला पंप आपोआप चालू झाला आणि सकाळी आई उठेपर्यंत तळाला गेलेल्या विहिरीत कोरडाच फिरत राहिला. वाइंडिंग जळलं. साडेचार हजार रिवाइंडिंगचे, शृंगारतळीला मोटर न्यायला-आणायला टेम्पो वेगळा, आणि पाच दिवस पोफळींना पाण्याचा थेंब नाही. ऐन एप्रिलात पाच दिवस शिंपणं चुकलं की काय होतं ते वाडीवाल्यांना सांगायला नको. मी डोंबिवलीत, तिकडे आई आणि गडी बंडूदादा, म्हणून तर मोबाइल स्टार्टर बसवला होता.

स्टार्टर म्हणजे पंपाला जोडलेला सिमवाला डबा, त्याच्या नंबरवर मिस्ड कॉल किंवा एसएमएस केला की पंप चालू-बंद होतो, त्याहून खोलात जात नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे. पण ज्याच्यावर कोणी बोलतच नाही ते म्हणजे आतलं सिम. दुकानदार म्हणाला कुठलंही टाका, म्हणून मी साधं प्रीपेड टाकलं. पंप जळल्यावर स्टार्टरचा लॉग काढला तर 2.07 ला एका अनोळखी नंबरचा मिस्ड कॉल. त्या नंबरवर फोन केला तर दुसऱ्या जिल्ह्यातला एक मुलगा, रात्रपाळी सुटली की मामाला मिस्ड कॉल द्यायचा. माझ्या स्टार्टरमधल्या सिमचा नंबर आधी त्याच्या मामाचा होता! बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो, तसा तो माझ्याकडे आला होता. मुलाची काही चूक नाही, बिचारा चारदा सॉरी म्हणाला. चूक ही की स्टार्टर कारखान्यातून येतानाच ‘कुठल्याही नंबरवरून चालू’ असा सेट असतो, पासवर्ड 1234, आणि फिटिंग करणाऱ्याने ड्राय रन, म्हणजे कोरडा फिरला की पंप थांबवायची सोय, बंद करून ठेवलेलं, का तर व्होल्टेज कमी असलं की सारखा ट्रिप होतो. तुमच्याकडे असेल तर हे तिन्ही आजच्या आज बघा. ड्राय रन तर नक्कीच, कारण पाणी संपलं की मोटरचा करंट पडतो आणि तेवढ्यावरून स्टार्टर जागच्या जागी बंद करतो, त्याला नेटवर्क लागतच नाही.

मग सिमचा शोध सुरू झाला. वाडीत एक कॅमेरा आणि 4जी राउटरही आहे, तो डोंबिवलीतून उघडत नव्हता. कारण मोबाइल कंपनी सहसा आपल्याला स्वतंत्र पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, देत नाही, हजारो जण एकाच पत्त्यामागे असतात, आतून बाहेर जाता येतं पण बाहेरून आत येता येत नाही. दुकानदार म्हणाला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी घ्या, थोडे जास्त पैसे, काम फत्ते. मी पैसे भरायला निघालोच होतो, पण पुण्याचा भाचा नेटवर्कचंच काम करतो, त्याने फोनवरच अडवलं. म्हणाला मामा, पब्लिक आयपी म्हणजे वाडीचा बेडा (फाटक) काढून ठेवणं, जगभरचे प्रोग्राम चोवीस तास पत्ते चाचपत फिरत असतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि राउटर पकडले होते, आणि काही भारी हॅकिंग करून नाही, कारखान्याचे admin-1234 छाप साठेक पासवर्ड एकामागून एक लावून बघत, आणि त्या पकडलेल्या यंत्रांच्या जोरावर ऑक्टोबरात मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. माझ्या कॅमेऱ्याचाही पासवर्ड तोच होता, त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी कॅमेऱ्यासाठी राउटरवर वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा कुलूपबंद खासगी रस्ता, करून दिलं भाच्याने, राउटर स्वतःच बाहेर भाच्याच्या सर्व्हरला जोडतो, मी पण तिकडूनच आत जातो, बाहेरून उघडं काही नाही. दहा महिन्यांत तक्रार नाही, त्यामुळे कॅमेऱ्याचा विषय इथेच संपवतो.

पंपासाठी मात्र भाच्याने एमटूएम (मशीन-टू-मशीन), म्हणजे फक्त यंत्रांसाठीचं सिम घ्यायला लावलं, प्रायव्हेट एपीएनवालं, म्हणजे ज्याचा डेटा उघड्या इंटरनेटऐवजी मोबाइल कंपनीच्या खासगी वाटेने जातो. स्टार्टरही बदलला, जुना 2जीचा होता. 2जीमध्ये सिम टॉवरला ओळख पटवतं पण टॉवर सिमला पटवत नाही, त्यामुळे खोटा टॉवर उभा करता येतो, 3जीपासून पुढे ओळख दोन्हीकडून तपासली जाते. शिवाय जिओसारखं 2जी नसलेलं सिम जुन्या स्टार्टरमध्ये घालून काही होणारच नाही, एवढ्या कारणानेसुद्धा नवीन घेताना 4जी कॅट-1 (थोडा डेटा लागणाऱ्या यंत्रांसाठीचं 4जी) वालाच घ्या.

इथपर्यंतचं बरंचसं मी गणपतीत गावी असताना लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हा पुढे स्पष्ट लिहिलं होतं की एमटूएम सिम घेऊ नका, पैसे वाया. कारण वर्षाला पंधराशे! स्टार्टर दर पाच मिनिटांनी दोनशेएक बाइट पाठवतो, म्हणजे महिन्याला पावणेदोन एमबी, वरचा सगळा पसारा धरला तरी पाच-सहा. फोनच्या साध्या पॅकमध्ये रोज दीड जीबी येतो आणि इथे चिमूटभर डेटाला एवढे पैसे. त्यात जुलैमध्ये लाइट गेली आणि टॉवरची बॅटरी संपली, तीन दिवस स्टार्टर मुका, आणि बंडूदादांच्या फोनला दुसऱ्या कंपनीची रेंज फुल्ल. तेव्हा फार चिडलो होतो.

आता मार्च आहे आणि मत बदललंय. दिवाळीत पाहुणे आले होते, त्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने पॅक संपला म्हणून स्टार्टरमधलं सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं. चाललंच नाही, कारण सिम त्या एकाच यंत्राच्या आयएमईआयला, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं आहे. साधं सिम असतं तर डेटा त्याचा आणि बिल माझं. दुसरं, या सिमवर फक्त ठरवून दिलेल्या नंबरांचे कॉल-एसएमएस येतात आणि डेटा ठरलेल्या आयपीलाच जातो, दूरसंचार विभागाचा 2018 पासूनचा नियमच आहे तसा. मोबाइलवर खोटा कॉलर आयडी दाखवता येतो, त्यामुळे नुसत्या स्टार्टरच्या यादीवर मी विसंबणार नाही, पण इथे अनोळखी कॉल नेटवर्कमध्येच अडतो. लॉग काढला: दहा महिन्यांत बाहेरचा एक कॉल नाही. साध्या सिमवर आठवड्याला लोनवाल्यांचेच पाच-सहा यायचे. पंधराशे विरुद्ध साडेचार हजार अधिक टेम्पो, हिशोब मला पटला.

प्रायव्हेट एपीएन म्हणजे सगळं सुरक्षित असं मात्र कोणी सांगितलं तर दोन प्रश्न विचारा. एक, त्याच एपीएनवरची दुसऱ्यांची यंत्रं माझ्या यंत्राला बघू शकतात का? दोन, मोबाइल कंपनीच्या पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत डेटा टीएलएसने, म्हणजे कुलूपबंद होऊन, जातो का? मी विचारलं तेव्हा कळलं एमक्यूटीटी (स्टार्टर सर्व्हरला निरोप पाठवतो ती पद्धत) 1883 पोर्टवर होतं, म्हणजे उघडं. मागे लागून 8883 वर, म्हणजे टीएलएसवर, करून घेतलं. विचारलं नसतं तर तसंच राहिलं असतं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. एमटूएम नंबर तेरा आकडी असतो, 1 जुलै 2018 पासून तसा आहे. स्टार्टर कंपनीच्या ॲपमध्ये ‘डिव्हाइस नंबर’ला दहाच आकडे बसतात! इंटरनेट नसताना ॲपमधूनच एसएमएस पाठवून पंप बंद करता येतो ही यांची सगळ्यात मोठी जाहिरात, आणि त्यांनीच विकलेल्या सिमवर ती चालत नाही. कस्टमर केअरला चारदा फोन केला. तिसऱ्यांदा उत्तर मिळालं, ‘सर, पहिले तीन आकडे काढून टाका.’ अहो, तीन आकडे काढले तर उरलेला दहा आकडी नंबर दुसऱ्याच कोणाचा असू शकतो, आणि एसएमएसमध्ये पंपाचा पासवर्ड लिहिलेला असतो! म्हणजे रोज संध्याकाळी मी अनोळखी माणसाला माझा पासवर्ड पाठवायचा. हे मी त्यांना मराठीत सांगितलं, हिंदीत सांगितलं, मेलवर लिहून दिलं. चारही वेळा तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केली.

सध्या फोनमध्ये तेरा आकडी नंबर सेव्ह करून हाताने एसएमएस करतो. सिमवर दोनच नंबर टाकता आले, माझा आणि आईचा, त्यामुळे बंडूदादांना पंप लावायचा तर आईचा फोन मागावा लागतो. त्यांना ते आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, वाडी तेच शिंपतात. सिमचं वर्ष मे महिन्यात संपतंय, रिन्यू करताना माझा नंबर काढून त्यांचा टाकायचा ठरवलंय, मी ॲपमधून बघेन. दोन मोबाइल कंपन्यांचं प्रोफाइल असलेलं ईसिम (यंत्रातच बसवलेलं सिम) मिळतं, पावसाळ्यासाठी त्याचेही पैसे विचारून ठेवलेत. पाचवा फोन सोमवारी करतोय.