स्पोक टॉर्क रेंच: काही महिने वापरल्यानंतर, 'टक्' आवाजावर किती विसंबायचं

मोटरसायकलच्या चाकातले स्पोक (तारा) ठरावीक जोरानं आवळायचा हा पाना; तेवढा जोर पडला की 'टक्' करतो. आधी तक्रार. सोबत आलेल्या इन्सर्टवर, म्हणजे पान्याच्या बदलत्या तोंडावर, माप कोरलेलं नाही, नुसतं छापलंय. चिखल आणि तेलाचा हात लागून शाई गेली, की 6.0 आणि 6.3 मिमी डोळ्यांना सारखेच. 6.0 च्या निपलवर (स्पोकच्या रिमकडच्या टोकाला असलेल्या नटावर) 6.3 आरामात चढतो, जरासा हलतो, आणि जोर पडला की निपलचे कोपरे गोल. मग टायर उतरवा, ट्यूब काढा, रिम टेप सोलून आतल्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घाला. दोन आकडे कोरायचे वाचवून हे सगळं गिऱ्हाइकाच्या माथी! विक्रेत्याचं उत्तर, इन्सर्ट 'झिजणारा भाग' आहे, बदलून मिळणार नाही. अहो, झिजली ती शाई. शेवटी तीनधारी कानशीनं 6.0 वर एक आणि 6.3 वर दोन खाचा पाडल्या.

रेंच येतो तो 48 इंच-पाउंडवर लावलेला, म्हणजे साधारण 5.4 न्यूटन-मीटर. केटीएमला मॅन्युअलमध्ये 5 ते 6 दिलेत, तिथे चालून जातं. होंडा सीआरएफला 3.7 दिलाय, तिथे आधी कमी करून घ्या. डब्यातल्या कागदावर याबद्दल अक्षर नाही.

क्रम मात्र कागदावर बरोबर दिलाय. रिम-लॉकशेजारच्या (टायर रिमवर सरकू न देणाऱ्या पकडीशेजारच्या) स्पोकवर रंगाची खूण करायची आणि तिथून दर तिसरा स्पोक धरायचा: 1, 4, 7, 10. 36 स्पोकच्या चाकात एका फेरीत 12 होतात, तीन फेऱ्यांत सगळे. 'दर चौथा' असंही सांगणारे भेटतात, ते ऐकू नका. स्पोक हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) डाव्या-उजव्या बाजूला आलटूनपालटून जातात. तिसरा धरला की बाजू बदलत राहते, चौथा धरला की अख्खी फेरी एकाच बाजूची होते आणि रिम तिकडे ओढली जाते. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, टक् झालं नाही तरी पुढे सरकायचं. दिशेचा गोंधळ होतोच: टायरच्या बाजूनं पाहिलं तर निपल घड्याळाच्या दिशेनं आवळतं, हबकडून पाहिलं तर उलट.

सुरुवातीला या 'टक्'लाच पैकीच्या पैकी दिले असते. आता नाही. रेंच मोजतो ते निपल फिरवायला लागणारा जोर, स्पोकमधला ताण नव्हे. प्रेशर वॉशरचं पाणी आट्यांत शिरतं, स्टीलचा स्पोक आणि अ‍ॅल्युमिनियमचं निपल असेल तर तिथे पांढरी भुकटी धरते आणि निपल जाम होतं. ते तसूभरही न हलता रेंच टक् करतो आणि ढिला स्पोक पास! म्हणून आता आधी आवाज. पान्याच्या दांड्यानं स्पोकवर टिचकी, दोन स्पोक एकमेकांना छेदतात ती जागा आणि रिमच्या मध्ये. ताणलेला खणखणतो, ढिला 'थप्' करतो. आतले-बाहेरचे स्पोक एकाच सुरात वाजतीलच असं नाही, तुलना सारख्या जातीच्यांशी करा. संशय आला तर आट्यांत पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, पाव फेरा सैल करा, निपल मोकळं फिरतंय हे बघा आणि मगच रेंच लावा.

नव्यानं बांधलेल्या चाकावर रेंच खरा कामाचा. आटे स्वच्छ असतात, त्यामुळे आकडा विश्वासाचा. असं चाक पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनंतरच तपासायचं, पुढेही काही वेळा प्रत्येक राइडनंतर. मग स्पोक बसतात. तोच स्पोक परत परत ढिला होत असेल तर आवळत बसू नका. आटे गेलेत किंवा रिमला निपलच्या भोकाशी तडा आहे. आउट (चाक फिरताना रिम किती डुलते ते) बघायला स्विंगआर्मला केबल टाय बांधून टोक रिमजवळ आणलं तरी भागतं. बहुतेक मॅन्युअलमध्ये मर्यादा 2 मिमी असते.

खूप आवळून स्पोकचं टोक निपलच्या डोक्याबाहेर आलं तर ते कानशीनं घासा, नाहीतर ट्यूब गेलीच.

जुनी, जाम निपलांची चाकं असतील तर हा रेंच घेऊ नका. निपलला घट्ट बसणारा साधा स्पोक पाना आणि तेलाची बाटली पुरते. घेतलाच तर काम झाल्यावर स्केल सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवा; स्प्रिंग दाबलेली राहिली तर आकडा हळूहळू खोटा होतो.