पहिला पगार: क्रेडिट कार्ड की यूपीआय?
नोकरी लागली की मॉलमध्ये टेबल मांडून बसलेली मुलं ‘लाइफटाइम फ्री’ कार्ड गळ्यात मारतातच. मुंबईत तर हमखास. खात्यातून थेट जाणाऱ्या यूपीआयचं एक बरं, पैसे संपले की खर्च थांबतो.

कार्डाचं तसं नाही. समजा ४०,००० बिल आलं, ‘मिनिमम ड्यू’ (निदान एवढं तरी भरा अशी किमान रक्कम) म्हणून ५ टक्के, म्हणजे २,००० भरले. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. मुद्दलातून फिटले जेमतेम ३४८! वर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

बिल पूर्ण भरणाऱ्याचा मात्र सिबिल स्कोअर (उधारी वेळेवर फेडता का, याचे गुण) बनतो, घरकर्ज देताना बँका तो बघतात. यूपीआयने बनत नाही. मी तरी एफडी (मुदत ठेव) तारण ठेवून मिळणारं, छोट्या मर्यादेचं कार्ड सुचवेन. फक्त ते एटीएममध्ये घालून रोख काढू नका.