‘तुमच्या पर्सनॅलिटीला हाच सेंट बसतोय बघा’ : कोल्हापुरात विकल्या जाणाऱ्या नकली परफ्यूमबद्दल

“वैनी, पोरगी बँकेत लागली म्हणताय, मग तिला गोडमिट्ट वासाचा सेंट देऊ नका. तिच्या पर्सनॅलिटीला हाच बसतोय बघा.” लग्नसराईत एका हॉलमध्ये भरलेल्या चार दिवसांच्या सेलमध्ये हे ऐकून एका आईनं ३,२०० रुपये मोजले आणि लेकीसाठी शनेलच्या ‘कोको मादम्वाझेल’ची १०० मिलीची बाटली घेतली. कागदाच्या पट्टीवर मारून दाखवलेला वास अस्सल होता. घरी सील फोडून लावला, तर तासाभरात वास उडाला, मानेवर लाल चट्टे उठले आणि साडीच्या काठावर पिवळट डाग पडला. परत जाईपर्यंत हॉल रिकामा झाला होता. बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही.

अशा बाटल्या कोल्हापुरात दर सिझनला खपतात. महाद्वार रोड, राजारामपुरी, बसस्टँडचा परिसर, जिथं खरेदीची गर्दी तिथं हे विक्रेते पोचतात. गुजरीत सोनं घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी भिंगातून वाचून घेणाऱ्या बायका सेंटच्या बाटलीचं बूडसुद्धा बघत नाहीत, कारण बाटली हातात येण्याआधीच विक्रेत्यानं त्यांना एक चित्र विकलेलं असतं. बँकेतली रुबाबदार मुलगी, लग्नात सगळ्यांनी वळून बघावी अशी वहिनी, कॉलेजातली हसरी पोरगी. एकदा ते चित्र पटलं की आतलं पाणी कोण तपासतो?

त्या चित्रात तथ्य अजिबात नाही असं नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं. शनेल नंबर ५ हा १९२१ सालचा. तो बनवणाऱ्या एर्नेस्ट बो यांनी त्यात आल्डिहाइड नावाची संयुगं सढळ हातानं वापरली. त्यांचा वास धुऊन कडक इस्त्री केलेल्या सुती कपड्यासारखा, नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीसारखा येतो, त्यामुळे लावणारी बाई नीटनेटकी आणि थोडी अंतर राखून असल्यासारखी भासते. १९८५ सालचा दिओरचा ‘पॉयझन’ निशिगंधाच्या अंगानं जातो, म्हणून तो ‘सगळ्यांनी वळून बघावं’वाल्या बाईला सांगितला जातो. १९९२ सालच्या ‘एंजल’मध्ये एथिल माल्टॉल नावाचं गोड वासाचं रसायन आहे. गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला साखर करपायला लागते तेव्हाचा जो गोड वास, त्याच जातीचा हा वास, आणि त्याच्या तळाशी पॅचुली, म्हणजे आपली पाच.

‘कोको मादम्वाझेल’ २००१ सालचा, जाक पोल्झ यांनी बनवलेला. सुरुवातीला संत्रं आणि बर्गमॉट नावाचं लिंबाच्या जातीचं फळ, मध्ये गुलाब नि मोगऱ्याच्या कुळातली जॅस्मिन, शेवटी पॅचुली, वाळा आणि व्हॅनिला. ही पाच तीच, जिची वाळलेली पानं पूर्वी कपड्यांत ठेवायचे. मेख इथंच आहे. या परफ्यूममध्ये पाचेचं तेल जसंच्या तसं जात नाही. त्यातला मातकट, कापरासारखा भाग वेगळा काढून उरलेला स्वच्छ, कोरडा भाग वापरतात, आणि तो आत्मविश्वासाचा, कामावर निघालेल्या बाईचा भास तिथून येतो. नकली माल करणारा ही शुद्धी करत बसत नाही, कारण तीच महाग पडते. तो स्वस्तातलं पॅचुली ओततो. संत्र्याचा वास पंधरा मिनिटांत ओसरला की खालून ओली माती आणि डांबराच्या गोळ्या वर येतात. ज्या बाईनं आयुष्यात खरा सेंट लावलेला नाही, तिलाही हा फरक कळतो, फक्त पंधरा मिनिटं थांबायला हवं. विक्रेता तेवढंच थांबू देत नाही.

टेबलावरची उघडी बाटली बहुतेक वेळा खरी असते. तीच मारून दाखवतात आणि पिशवीत सीलबंद दुसरी टाकतात. मारतात ती कागदावर किंवा रुमालावर. कापडावर आणि कागदावर वास अंगापेक्षा जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे ‘संध्याकाळपर्यंत टिकतोय बघा’ हे त्या रुमालापुरतं खरंच ठरतं. मग एकामागून एक सात-आठ सेंट हुंगवतात. तीन-चार वासांनंतर नाक बधिर होतं आणि नंतर समोर काय येतंय ते उमगत नाही. कॉफीच्या बियांचा वाडगा पुढं करतात तोही देखावा समजा. नाकाला विसावा द्यायचा तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा किंवा सरळ बाहेर मोकळ्या हवेत जावं. आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त सेंट बघूच नयेत.

भावाच्या गोष्टी ठरलेल्या असतात. ‘कस्टमचा माल’: जप्त मालाचा सरकारी लिलाव होतो हे खरं, पण हा माल तिथला आहे असा कागद पिशवी घेऊन फिरणारा कुणीही दाखवत नाही. ‘टेस्टर आहे, म्हणून पांढऱ्या खोक्यात’: टेस्टर ही विक्रीची वस्तूच नसते, दुकानात दाखवायला दिलेली असते. ‘फर्स्ट कॉपी’: म्हणजे नकली, यापलीकडे या शब्दाला अर्थ नाही. ‘बिल घेतलं तर अठरा टक्के वाढतील’: परफ्यूमवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं, पण छापील एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, वरून काही लागत नाही. शनेलची १०० मिलीची खरी बाटली भारतात दहा हजारांच्या खाली येत नाही. तीन हजारांत ती कुणालाच परवडणारी नाही, विकणाऱ्यालाही नाही.

आता खोकं हातात घ्या. आधी आयातदाराचं लेबल शोधा. परदेशातून कायदेशीर मार्गानं आलेल्या सौंदर्यप्रसाधनावर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते प्रमाणपत्र ज्याच्या नावे आहे त्याचं नाव-पत्ता असावा लागतो. २०११ च्या वैधमापनाच्या पॅकबंद वस्तू नियमांप्रमाणे निव्वळ प्रमाण, महिना-साल, सर्व करांसह एमआरपी, मूळ देश आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क हेही हवं. यातलं काहीच नसेल तर पुढं बघायची गरज नाही. सोबतच्या बाईला वास कितीही आवडला असला तरी खोकं खाली ठेवा.

लेबल असेल तर बॅच कोड, म्हणजे मालाच्या खेपेचा क्रमांक, बघा. तो खोक्याच्या बुडाशी आणि बाटलीवर, दोन्हीकडे तोच हवा. खोक्यावर दाबून उमटवलेला आणि बाटलीवर नुसता स्टिकर, तोही नखानं निघणारा, तर संशय घ्या. वरच्या पारदर्शक कागदाच्या घड्या सरळ, ताणलेल्या असाव्यात. डिंकाचे ओघळ आणि सुरकुत्या म्हणजे हातानं केलेलं पॅकिंग. मग बाटली उजेडासमोर धरा. पंपाची नळी बारीक, जवळजवळ दिसेनाशी असते आणि बुडाच्या कोपऱ्यापर्यंत नेमकी पोचते. नकली बाटलीत ती जाड, पांढरट आणि गरजेपेक्षा लांब असल्यामुळे खाली वळून बसलेली दिसते. काचेत बुडबुडे, बुडाची जाडी एका बाजूला जास्त, टोपण सैल, फवारा धुक्यासारखा न येता थेंब थेंब उडणं, ही सगळी स्वस्तातल्या मालाची लक्षणं.

सगळ्यात अवघड फसवणूक असते ती खऱ्या बाटलीत भरलेल्या नकली मालाची. रिकाम्या बाटल्या विकत घेतात आणि पुन्हा भरतात. इथं खोकं, काच, कोड सगळं खरं निघू शकतं. तेव्हा बाटलीच्या मानेकडे लक्ष द्या. पंपाखालची धातूची कडी कारखान्यात दाबून बसवलेली असते, ती हातानं फिरत नाही. कडी फिरत असेल, तिच्यावर पकडीचे ओरखडे असतील किंवा खाली ओलसर कडा दिसत असेल तर बाटली उघडून भरलेली आहे. काही कंपन्या मुद्दाम पुन्हा भरता येणाऱ्या, आट्यांच्या बाटल्या काढतात, तेव्हा आपण घेतोय तो प्रकार कोणता हे आधी माहीत हवं.

काही चाचण्या सर्रास सांगितल्या जातात, त्यांच्यावर विसंबू नका. बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात हे बघण्यात काही अर्थ नाही. बारकोड स्कॅन करून नाव आलं म्हणजे माल खरा असंही नाही, कारण बारकोड आणि बॅच कोड दोन्ही खऱ्या खोक्यावरून उतरवता येतात. वेबसाइटवर बॅच कोड टाकल्यावर दिसणारी तारीख फक्त त्या कोडची असते, तुमच्या बाटलीची नव्हे. आणि पेटवून बघणं तर कधीच करू नका. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं, ते भडकतं.

खरी परीक्षा वेळेची. ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा, एकीवर अधिकृत काउंटरवरचा सेंट, दुसरीवर हातातला, आणि पट्टीवर वेळ लिहा. दहा मिनिटांनी, तासाभरानं, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. ओ द पार्फ्यूम प्रकारात साधारण १५ ते २० टक्के सुगंधद्रव्य असतं, त्यामुळे वासाचे टप्पे बदलत जायला हवेत आणि सकाळी तळाचा मंद वास उरायला हवा. नकली मालाचा वास पहिल्या मिनिटाला सगळ्यात उग्र असतो, नंतर नुसता उतरत जातो. पट्टी वाळल्यावर रंगाची कडा उरली तर त्यात रंग जास्त आहे. पैठणीवर डाग पडतो तो याच रंगाचा.

अंगावरची चाचणी शेवटी, आणि ती मानेवर नको. कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून दोन दिवस बघा. नकली मालात कोणतं अल्कोहोल, कोणता रंग, कोणतं द्रव्य किती घातलंय याचा पत्ता नसतो. लाली, खाज, पाणी भरलेले फोड दिसले तर साध्या पाण्यानं धुवा, पुन्हा लावू नका, आणि बाटली घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. खरा सेंटही प्रत्येकीच्या अंगावर सारखा लागत नाही. जोतिबाला वाहतात त्या दवण्याच्या तेलाबद्दल अत्तरवाले हेच सांगतात. तेव्हा ‘अमक्या स्वभावाच्या बाईला अमका सेंट’ हे विक्रेत्यानं ठरवायचं कामच नाही.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरची विक्री याहून धोक्याची. विक्रेत्याची अट अशी: अर्धे पैसे आधी, उरलेले कुरिअर आल्यावर, आणि पाकीट उघडायचं पैसे दिल्यानंतर. खोकं उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून पंपापर्यंत एका सलग व्हिडिओत घ्या. जाहिरातीचे, बोलण्याचे आणि यूपीआय व्यवहाराचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले आणि मालच आला नाही तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड. माल नकली निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. बनावट सौंदर्यप्रसाधन म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडेही तक्रार द्या. बाटली त्यांना नमुना म्हणून लागते, म्हणून रागाच्या भरात मोरीत ओतून टाकू नका.

खरा सेंट संपल्यावरची बाटलीही तशीच भंगारात देऊ नका. लेबल खरवडा, खोकं फाडून वेगळं टाका आणि पंप पकडीनं मोडून मगच बाटली द्या, म्हणजे ती पुन्हा भरून विकता येणार नाही.