डेकवरचे १२ व्होल्टचे दिवे: पावसाळा काढल्यानंतर

माहीमला आमच्या टेरेसवर लाकडासारखा दिसणारा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाचा) डेक आहे. त्यात पायरीला आणि कडेने १२ व्होल्टचे एलईडी दिवे गेल्या हिवाळ्यात बसवून घेतले. लिहायला मुद्दाम सप्टेंबर उलटू दिला. डिसेंबरात काय, दहा रुपयांची माळही छान दिसते.

लोहार चाळीत, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, दिवा हातात देताना दुकानदार सांगतो, ‘आयपी ६७ आहे साहेब, पाण्यात टाका.’ खोटं नाही ते. धूळ आत शिरत नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास दिवा टिकतो. पण ही हमी दिव्याच्या बॉडीपुरती. त्यातून निघालेल्या वीतभर वायरीला पुढे जो जॉइंट मारायचा, त्याचं काय? आमच्या इलेक्ट्रिशियनने सवयीने खिशातली काळी टेप काढली. ती परत खिशात ठेवायला लावून प्रत्येक जॉइंट सोल्डर करून घेतला आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवली. सगळे जॉइंट डेकखालच्या पट्ट्यांना वरच्या बाजूला बांधले, कारण पाणी जायच्या जाळीवर पानं अडकली की स्लॅबवर घोटाभर पाणी साचतं. स्लॅबला भोक एकही नाही. वॉटरप्रूफिंग फुटलं तर खालच्यांचं छत आणि सोसायटीची मीटिंग, दोन्ही गळ्यात. खालच्या मजल्यावर असेच दिवे टेपवर जोडले होते. गोकुळाष्टमीपर्यंत त्यांतले निम्मे गेले. उघडून पाहिलं तर तांबं हिरवं पडलेलं. आमचे सगळे चालू आहेत.

दुसरा खर्च वायरीचा. १२ व्होल्टला करंट जास्त लागतो. ३० वॉटचा लोड म्हणजे अडीच अँपिअर. तो सगळा १५ मीटरवर टोकाला असेल, तर ०.७५ चौरस एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन जवळजवळ दोन व्होल्ट गळतात आणि शेवटचे दिवे मरगळतात. अडीच चौरस एमएमच्या जाड वायरीत हीच गळती साधारण ०.६ व्होल्टवर येते. टेरेस मोठी असेल तर सरळ २४ व्होल्टचे दिवे घ्या. करंट निम्मा होतो. वायर पाइपातूनच न्या, मुंबईत उंदरांना वेगळं आमंत्रण लागत नाही.

डेकवर १२ व्होल्ट असले तरी ड्रायव्हरला, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणाऱ्या डबीला, २३० व्होल्टच जातात. तो घरात, हवेशीर जागी लावला आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) घेतला. यात काटकसर करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्या डेकवर अनवाणी जात नाही.

तक्रार आहे ती दिव्यांच्या कडेच्या रिंगांबद्दल. ‘स्टेनलेस’ म्हणून घेतलेल्या ३०४ स्टीलवर खाऱ्या हवेने तपकिरी डाग आले. पुसले की जातात, पुन्हा येतात. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ मागा. महाग आहे, पण त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं.

रंग ३००० केल्विनचा पिवळसर घ्या. पांढऱ्या उजेडापेक्षा किडे कमी येतात आणि बसल्यावर डोळ्यांत जात नाही.

अंधार पडला की आपोआप लागावेत म्हणून सेन्सर लावला होता. समोर रस्त्यावरचा दिवा इतका लख्ख की सेन्सरच्या मते आमच्याकडे रात्र होतच नाही. आता साधा टायमर आहे: सातला चालू, अकराला बंद.