पाय झिरो २ डब्ल्यू गावी, लॉगिन पुण्यातून: काही महिने वापरल्यावर

परवा गावच्या घरच्या टाकीचं रीडिंग यायचं पुन्हा बंद झालं आणि आईला फोनवर "ती वायर काढून परत लाव" सांगावं लागलं, म्हणून हे लिहायला बसलोय. ते पाठवणारा बोर्ड म्हणजे रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू, तळहातात मावणारा छोटा कॉम्प्युटर. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, मिनी एचडीएमआयचा कन्व्हर्टर घेणार नाही म्हणजे नाही, सगळा कारभार एसएसएचवर, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कमधून लॉगिन करून कमांड द्यायच्या.

मेमरी कार्डावर सिस्टिम टाकताना जुने व्हिडिओ बघू नका, २०२२ पासून तो रेडीमेड युजर-पासवर्ड गेलाय, इमेजरमध्येच (कार्ड बनवायचं सॉफ्टवेअर) युजर, वायफाय, एसएसएच भरून टाका. आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच.

खरा वैताग बाहेरून लॉगिन करायचा. पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून आलेलं कनेक्शन राउटरने बोर्डाकडे पाठवायचं), ढिम्म. मग राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता) बघितला तर १००.७२ ने सुरू होणारा, म्हणजे सीजीनॅट, एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला, बाहेरून कोणी आत येणार कसं? नेटवाल्याला विचारलं तर म्हणे स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा पत्ता) घ्या, दर महिन्याला वेगळे पैसे. कशाला देऊ? टेलस्केल टाकलं (आपली मशीन्स इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर), फुकटवाला प्लॅन, राउटरला हातसुद्धा लावावा लागला नाही. बोर्डाला दोन स्टार द्यायचे ठरवलेले ते इथे चार झाले.

तरी टाइप करताना अक्षरं थांबून थांबून उमटायची, कधी सेशन लटकायचं. कारण निघालं वायफायचं पॉवर सेव्ह, वीज वाचवायला वायफाय मधेमधे झोपतं! एनएमसीएलआय या नेटवर्क सेटिंगच्या कमांडने वायफाय डॉट पॉवरसेव्हला २ दिलं की ते बंद होतं, ३ दिलं की चालू (हे आकडे कोणी ठरवले देव जाणे). आता लोण्यासारखं चालतं. लांबलचक अपडेट असेल तर टीमक्स नावाच्या प्रोग्राममध्येच चालवा, लाइन तुटली तरी काम मागे चालू राहतं.

पण अॅडाप्टर! बाकीचे बहुतेक रास्पबेरी पाय व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) बोंब मारतात, झिरोवाल्यांत ते सर्किटच नाही, म्हणजे एवढ्या लांबून लॉगिन करून लॉग चाळले तरी अॅडाप्टरबद्दल एक ओळ सापडत नाही. मी ड्रॉवरमधला जुना मोबाईल चार्जर लावलेला, चांगला चालू होता, फेकायचा कशाला. रीडिंग बंद पडतं त्याचा संशय आता त्याच्यावरच, म्हणून नाइलाजाने ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा नवा घेतलाय, दिवाळीला जाईन तेव्हा लावेन, तोवर आई आहेच.