डू द राइट थिंग की सिटी ऑफ होप, आधी कुठला बघू?

वर्णभेद आणि शहराचं राजकारण यावर एकच पिक्चर बघायचा तर सगळे डोळे झाकून स्पाइक लीचा 'डू द राइट थिंग' (1989) सांगतात, त्यात चूक काही नाही, पण तुम्हाला राजकारणच बघायचं असेल तर जॉन सेल्सचा 'सिटी ऑफ होप' (1991) आधी लावा, जो बिचारा कुणी बघितलेलाच नसतो.

लीचा पिक्चर म्हणजे ब्रुकलिनमधली एक गल्ली आणि जीव काढणारा उन्हाळ्याचा एक दिवस. भांडण कशावरून, तर साल नावाच्या इटालियन-अमेरिकन माणसाच्या पिझ्झाच्या दुकानातल्या फोटोंवरून! भिंतीवर सगळे इटालियन-अमेरिकन, गिऱ्हाईक मात्र बहुतेक ब्लॅक, मग गल्लीतला बगिन आउट नावाचा ब्लॅक पोरगा विचारतो आमचा एकही फोटो का नाही, साल म्हणतो दुकान माझं, फोटो माझे. दोघांचंही पटतं, तीच तर गोची आहे. तिथून पोलीस रेडिओ रहीम नावाच्या ब्लॅक पोराचा गळा आवळेपर्यंत प्रकरण कसं जातं ते कळतच नाही. महापौर, नगरसेवक कोणी दिसत नाही, फक्त शेवटी रेडिओ स्टेशनवरचा निवेदक सांगतो की मतदार नोंदणी करा, निवडणूक येतेय. (आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कने डेव्हिड डिंकिन्सना निवडून दिलं, शहराचे पहिले ब्लॅक महापौर.)

सेल्सकडे उलटं. न्यू जर्सीतलं काल्पनिक शहर, तिथला ब्लॅक नगरसेवक विन. दोन ब्लॅक पोरं पार्कात पळायला आलेल्या गोऱ्या प्रोफेसरला मारतात आणि पकडल्यावर म्हणतात त्यानेच आमच्याशी चाळे केले. आता विन त्यांच्या बाजूने उभा नाही राहिला तर वस्ती म्हणणार हा गोऱ्यांचाच माणूस, आणि उभा राहिला तर खोट्याची पाठराखण. दुसरीकडे बिल्डरवर दबाव, जुन्या बिल्डिंगी मोकळ्या कर, टॉवर यायचेत, पोरगा पोलिसांच्या लफड्यात अडकलाय ना तुझा, मग बघ काय ते. इथे आपल्याकडचं रिडेव्हलपमेंट आठवलं नाही तर सांगा मला.

कटकट एकच, पात्रं ढीगभर आणि कॅमेरा एकाच्या मागे जाता जाता दुसऱ्याला धरून भलतीकडेच निघतो, त्यामुळे सुरुवातीला कोण कोणाचा पत्ता लागत नाही. मोबाइल बाजूला ठेवायचा नसेल तर लावूच नका.

ऑफिसातून दमून आला असाल तर सरळ स्पाइक ली. सुरुवातीलाच रोझी पेरेझ 'फाइट द पॉवर' या गाण्यावर असली नाचते की झोप उडते. फक्त एकट्याने बघू नका, सालकडेच पिझ्झा पोचवायचं काम करणारा मूकी कचऱ्याचा डबा दुकानाच्या काचेवर फेकतो ते बरोबर की चूक यावर आमच्याकडे रात्री दोनपर्यंत भांडण चाललं होतं.