सुक्याचा कप्पा आधी भरतो: नागपूरच्या दारोदार कचरा संकलनाचं परीक्षण

कचरागाडीला गुण देताना बहुतेक लोक एकच बघतात, ती रोज आली की नाही. त्या कसोटीवर ही सेवा चांगली आहे. कोपऱ्यावरच्या ओसंडणाऱ्या कुंडीपेक्षा दारात येणारी गाडी केव्हाही बरी, त्यामुळे पाचापैकी चार. पण घरात वेगळा केलेला कचरा गाडीत वेगळा राहील अशी सोय आहे का, आणि तो वेगळा करावासा वाटेल असं काही या पद्धतीत आहे का, ही दुसरी कसोटी. तिथे दोन. ही पद्धत एकट्या नागपूरची नाही, बहुतेक शहरांत अशीच आहे. हे परीक्षण मुख्यतः त्या दोन गुणांबद्दल आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घातक. नागपुरात नोव्हेंबर २०१९ मध्ये कचरा उचलण्यासाठी शहराचे दहा झोन दोन कंपन्यांना पाच-पाच असे वाटून दिले गेले. शहराचा रोजचा कचरा हजार टनांच्या वर जातो आणि त्याचा पत्ता वर्षानुवर्षं एकच, पूर्वेकडचा भांडेवाडीचा कचरा डेपो. तिथे पोचल्यावर मिसळलेला कचरा वेगळा करणं महाग पडतं, म्हणून सगळा खेळ दारातल्या अर्ध्या मिनिटाचा आहे.

आता गाडी जवळून बघा. मागे हौदा, मध्ये पत्र्याची आडभिंत, एका बाजूला ओला, दुसऱ्या बाजूला सुका, आणि घातक कचऱ्यासाठी असलीच तर बाजूला टांगलेली छोटी पेटी. हौदा असा निम्मानिम्मा केला की गोची इथेच होते. चार माणसांच्या घरातून दिवसाला दीड-दोन किलो कचरा निघतो, त्यात निम्म्याहून जास्त ओला. पण किलोभर देठं-सालं दहा लिटरच्या बादलीत तळाला बसतात, आणि लिटरभर पाण्याची रिकामी बाटली असते वीस-पंचवीस ग्रॅमची. किलो व्हायला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. त्यात न दाबलेली ऑनलाइनची खोकी. म्हणजे वजन ओल्याचं, पण जागा खातो सुका. अर्धी वस्ती होण्याआधीच सुक्याचा कप्पा भरतो आणि पुढच्या घराची सुक्याची निळी बादली ओल्यात रिकामी होते. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कोणीतरी ते बघतं. दुसऱ्या दिवसापासून त्या घरात एकच बादली.

यावर जनजागृतीचे फलक कितीही लावा, उपयोग नाही. इलाज वेळापत्रकात आहे: ओला रोज, सुका आठवड्यातून दोनच ठरलेले दिवस, आणि त्या दिवशी सुक्याला वेगळी गाडी किंवा वेगळी फेरी. बेंगळुरूत ‘टू बिन, वन बॅग’ अशीच बांधली आहे: हिरवी बादली ओल्याला, लाल घातकला, आणि सुक्याला पिशवी. सुका कचरा सडत नाही, तो चार दिवस घरात राहिला तर बिघडत नाही. पंचवीस किलोची तांदळाची बोरी मागच्या गॅलरीत खिळ्याला टांगली की भागतं. बाटली झाकण काढून, पिळून, पुन्हा झाकण लावून टाकली तर निम्मी जागा वाचते; खोक्याची चिकटपट्टी कापून ते सपाट केलं तर त्याहून जास्त.

दुसरी खोट पैशाच्या रचनेत. उचललेल्या टनांवर पैसे मिळणार असतील तर गाडीवाल्याने वर्गीकरणाचा आग्रह का धरावा? मिसळलेला, ओलाचिंब, मातीसकट आलेला कचरा काट्यावर जास्त भरतो. महापालिकेला घरांनी वेगळा कचरा द्यावा असं खरंच वाटत असेल, तर कराराचा दर तीन भागांत हवा: शुद्ध ओल्याला सर्वांत जास्त, सुक्याला वजनापेक्षा फेरीवर, आणि मिसळलेल्याला कमी. तपासणीही सोपी ठेवावी. काट्यावर रोज पाच गाड्या चिठ्ठी टाकून निवडायच्या, ताडपत्रीवर ओतायच्या, ओल्यात पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, किती आहे ते बघायचं. फार वेळाचं काम नाही.

घरात चुकतं कुठे, तर बहुतेकदा पन्नीत. ओला कचरा पन्नीत बांधून दिला की पुढे कोणाला तरी ती हाताने फाडावी लागते, नाहीतर खतात प्लास्टिकचे तुकडे जातात. बादलीच्या तळाला दुहेरी वर्तमानपत्र घातलं की पुरतं. पाणी शोषतं आणि कागद खतातही चालतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना झाकण घट्ट लावलेल्या बादलीत संध्याकाळपर्यंत वास सुटतो. देठं गाळणीत निथळून टाकावी, बादली सावलीत ठेवावी, उरलेली डाळ-भाजी कागदात गुंडाळावी. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. चीर द्या, कोपरा पिशवीलाच लटकता राहू द्या. तो इवलासा त्रिकोण कोणत्याच छाननीत सापडत नाही आणि सरळ मातीत जातो. पिशवी आडवी कापून विसळून वाळवली तर कबाडीही घेतो. सावजीच्या पार्सलचा डबा आधी वर्तमानपत्राने पुसावा. तर्रीचं तेल लागलेला एक डबा बोरीतली सगळी रद्दी बाद करतो.

आणि खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची पन्नी. कॅरीबॅगसाठी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीची अट आहे, पण तळहाताएवढ्या या पन्नीकडे पाहिलं तर नियम कुठल्या गावाला गेला असं वाटतं. पातळ, सुपारीच्या चुऱ्याने नि चुन्याने माखलेली, वर रबरबँड. तिला भंगारात भाव नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळेल, तेही कोणी गोळा केली तर. घराघरांतून ती वेगळी काढायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. पानठेल्यावरच पकडायला हवी. ठेल्यासमोर डबा, आणि तो भरून परत देण्याची जबाबदारी ठेलेवाल्याच्या परवान्यात.

संत्र्याच्या मोसमात सालींचा ढीग हा खास आपला प्रश्न. घरच्या खताच्या डब्यात त्या एकदम टाकल्या तर काम मंदावतं, कारण सालीतलं तेल जिवाणूंना मानवत नाही आणि गांडुळं तर तिकडे फिरकतही नाहीत. दोन दिवस उन्हात वाळवून, हाताने कुस्करून, थोड्या-थोड्या मिसळाव्या. डब्याचं गणित असं: वीस लिटरचे दोन डबे, तळाला आणि बाजूंना भोकं, ओल्याच्या एका भागाला वाळल्या पाल्याचे एक ते दोन भाग. पाला फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब नि पिंपळाखालून पोत्यात भरून ठेवावा, वर्षभर पुरतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला वाढवा. काहीच सुटलं नाही, जे उन्हाळ्यात नेहमी होतं, तर पाणी शिंपडा. एक डबा भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा सुरू करायचा. दीड-दोन महिन्यांत पहिला तयार. मोफत डबे वाटणाऱ्या योजना फसतात त्या दहाव्या-बाराव्या दिवशी, जेव्हा अळ्या दिसतात आणि घरातली आजी डबा बाहेर काढायला लावते. दुसऱ्या आठवड्यात कोणी दारात येऊन ‘पाला कमी पडला, अळ्यांनी काही बिघडत नाही’ एवढं सांगितलं तर डबा टिकतो. नाहीतर त्यात गहू भरला जातो.

सुक्याबद्दल एक गोष्ट महापालिकांच्या लक्षात येत नाही. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड हे कबाडी आधीच नेतो. गाडीत येतो तो उरलेला गाळ: चिप्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, मळकी पन्नी. त्यातून उत्पन्न मिळेल ही अपेक्षाच चुकीची. कबाड्याशी स्पर्धा करण्यापेक्षा त्याला सोबत घ्यावं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दारोदार संकलन करून दाखवलं आहे. भंगाराचे पैसे वेचकाला मिळतात, म्हणून वेगळं करून घेण्याचा आग्रह तोच धरतो.

घातक कचऱ्यात सगळ्यात जास्त हयगय होते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती जुन्याच खोळीत उभी द्यावी. ब्लेड नि फुटकी काच जुन्या डब्यात बंद करून, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. हा ठिपका गंमत म्हणून नाही, उघडणाऱ्याचा हात वाचावा म्हणून आहे.

आता आमिष आणि दंड. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट आहे. कल्पना चांगली, पण प्रकल्प चालू आहे की नुसता फोटोपुरता, हे वर्षातून एकदा जाऊन बघावं लागतं. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचऱ्याच्या पिशवीमागे पैसे पडतात. ते इथे आणलं तर पिशवी मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जाईल. कोणत्याही ले-आऊटमध्ये असा एक प्लॉट असतोच. म्हणून इथे पैसे कचऱ्याच्या पिशवीवर नकोत. मिसळलेला कचरा न घेणं हाच सर्वांत स्वस्त आणि नेमका दंड. पहिल्या वेळी बादलीला पिवळी चिठ्ठी आणि कचरा घ्यायचा, दुसऱ्यांदा पुन्हा चिठ्ठी, तिसऱ्यांदा बादली तशीच ठेवायची. पण नकार देणाऱ्या कामगाराला झोन ऑफिसची पाठराखण हवी, नाहीतर एका फोनवर त्यालाच हलवलं जातं. महापालिकेचं उपद्रव शोध पथक रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला पकडतं, ते ठीक. घरातल्या बादलीपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

फ्लॅट स्कीममध्ये वर्गीकरण मोडतं ते गेटजवळ. वीस घरं दोन-दोन बादल्या देतात आणि सफाईवाला सगळं एकाच ड्रममध्ये ओततो, कारण ड्रम एकच आहे. सोसायटीने १२० लिटरचे दोन ड्रम घ्यावेत, ओल्याचा हिरवा जिन्याजवळ, सुक्याचा निळा पार्किंगच्या टोकाला, दोन्ही शेजारी-शेजारी नकोत. शेजारी ठेवले की घाईत कुठल्याही ड्रममध्ये पडतं. सफाईवाल्याला सुक्याचं भंगार विकायची मुभा दिली तर निळ्या ड्रमवर लक्ष तोच ठेवतो. २०१६ च्या नियमांत ५,००० चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. तिथे पाला मुबलक, माळी पगारी, जागा रिकामी. अडतं ते खताच्या हौदावर पत्र्याचं छप्पर नसल्याने. जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात हौदात पाणी साचतं आणि सप्टेंबरपर्यंत तो वास मारत राहतो.